गिर्येची गोदी आणि घरची घडवंची

विजयदुर्गाचा किल्ला पाहावयास येणारी मंडळी बहुधा तटावरून एक फेरी मारतात, खलबतखान्याशीं थोडा वेळ थांबतात आणि उन्हें कलण्यापूर्वीं परतीची वाट धरतात. वाघोटणच्या खाडीकांठानें थोडें आंत गेलें म्हणजे गिर्ये गांवाजवळ मराठ्यांच्या आरमाराची जुनी गोदी लागते. पण तिकडे वळणारा मनुष्य विरळा. आम्ही स्वतः शाळेच्या मुलांना घेऊन दोन वेळां विजयदुर्गास गेलों होतों, आणि दोन्ही वेळां ही गोदी न पाहतांच परत आलों. या खेपेस मात्र आम्ही केवळ गोदीसाठीं गेलों, आणि तेंही एका दोन फूट लांबीच्या लांकडी घडवंचीपायीं. हें वाचकांस चमत्कारिक वाटेल, म्हणून आधीं घडवंचीची हकीकत सांगणें प्राप्त आहे.

आमचा थोरला नातू यंदा चौदा वर्षांचा झाला. त्याला लांकडाचीं लहान जहाजें करण्याचा नाद आहे. आंग्र्यांच्या काळची एक गुराब करावयाची, असें त्यानें मनांत घेतलें. अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें गुराबेचें जें वर्णन लिहून ठेविलें आहे, तें आम्हींच त्याला मराठींत समजावून दिलें होतें. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारें दीडशें टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशें टनांपर्यंत. लांबीच्या मानानें फार रुंद, पाण्यांत थोडीच बुडणारी, मध्यापासून टोंकाकडे निमुळती होत गेलेली, आणि पुढें नेहमींच्या जहाजासारखी फुगीर छाती नसून लांब चोंच काढलेली. एवढ्या आधारावर व कांहीं जुन्या चित्रांवरून पोरानें स्वतः नकाशा काढला. नकाशा सुरेख होता.

अशा जहाजाची उभारणी हातांत धरून होत नाहीं. तळाचें जें मुख्य लांकूड, ज्याला आमच्या किनाऱ्यावरचे सुतार पठाण म्हणतात, तें आधीं ताठ उभें धरून ठेवावें लागतें. मग त्यावर एकेक वांक, म्हणजे बरगडी, काटकोनांत बसवावयाची. यासाठीं परदेशांत एक साधन विकत मिळतें. एक लांबट तळफळी. तिच्या मधोमध पठाण धरणारे दोन जबडे, ते स्क्रूंनीं आवळावयाचे. आणि दोहों बाजूंस मागेंपुढें सरकणारे उभे खांब, जे वांकांना डावी-उजवीकडे झुकूं देत नाहींत. त्याला तिकडे ‘बिल्डिंग स्लिप’ म्हणतात. खरी स्लिप पाण्याकडे उतरती असते, तयार जहाज तिच्यावरून घसरत समुद्रांत जातें. ही बिचारी सपाट आहे, नांव मात्र मोठें घेऊन बसली आहे. आमच्या घरांतल्या बायकांनीं तिला पाहतांक्षणीं ‘घडवंची’ म्हटलें, आणि तेंच नांव रूढ झालें.

घडवंची टपालानें आली ती सुट्या तुकड्यांत, लांकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्यांची. दिवस आषाढाचे. जुळवणीचें काम आम्हीं आपणांकडे घेतलें, कारण वस्तु महाग होती आणि पोराच्या हातून बिघडेल अशी आम्हांस धास्ती. पडवींत बसून, कागदावरच्या चित्राबरहुकूम, खांचेंत खांच घालून, प्रत्येक सांध्याला भरपूर सरस लावून आम्हीं ती उभी केली, वर वरवंटा व पाटा ठेवून रात्रभर दाबून ठेविली. सकाळीं ती खडखडीत घट्ट झालेली पाहून आमची छाती फुगली, हें कबूल केलें पाहिजे.

श्रावण संपेपर्यंत पोरानें सात वांक बसविले. आठव्याच्या वेळीं आम्ही सहज चोंचीकडून डोळा लावून पाहूं लागलों, तों सगळा सांगाडा वांकडा! पुढचे वांक डावीकडे कललेले, मागचे उजवीकडे, जणूं वेलीवर पिळवटलेली काकडी. पोरगा म्हणाला, “आजोबा, मीं प्रत्येक वांकाला गुण्या लावून पाहिला. गुण्या बरोबर लागतो.” यावर आम्हीं जें बोललों तें येथें लिहितांना संकोच वाटतो. जेवणाची पानें मांडली होतीं, सगळें घर जमलें होतें, आणि आम्हीं म्हटलें, “गुण्या सरळ आणि जहाज वांकडें, तर मधला हातच वांकडा म्हणावयाचा!” सगळीं हंसलीं. पोरगा हंसला नाहीं. दुसऱ्या दिवशीं घडवंची सांगाड्यासकट माळ्यावर गेली. पुढें महिनाभर त्यानें त्या विषयाचें नांव काढलें नाहीं. सौभाग्यवतींनीं आम्हांस एकदां सुनावलें कीं, शाळा सुटून आठ वर्षें झालीं तरी छडी कांहीं सुटली नाहीं. आम्हीं कानाडोळा केला. आमचा समज असा कीं, खऱ्या जहाजांची जागा आणि खऱ्या सुताराचा हात पाहिला म्हणजे पोराला आपली चूक कळेल. दसरा उलटल्यावर त्याला व घडवंचीला घेऊन आम्ही रत्नागिरीहून निघालों तें या हेतूनें.

राजापूर, खारेपाटण, तळेरें या वाटेनें दुपारीं विजयदुर्गास पोहोंचलों. पावसाळ्याचें हिरवेंपण अजून कातळावर टिकून होतें. गिर्येचा रामेश्वर पाहिला. देवळाकडे उतरणारी वाट जांभा दगड खोल कापून काढली आहे, तींतून जातांना दोन्ही बाजूंच्या ओलसर भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात. तेथून खालीं खाडीकडे.

गोदी पाहिल्याबरोबर प्रथम कांहींच नजरेंत भरत नाहीं, हें सांगून ठेवतों. तीन बाजूंनीं कातळ फोडून व दगडाच्या भिंती घालून केलेली एक विस्तीर्ण खळगी, लांबी तीनशें फुटांहून अधिक. चौथी बाजू खाडीकडे उघडी. आज तींत गाळ बसला आहे. पण थोडा वेळ कांठावर बसून राहावें, म्हणजे हळूहळू उमगतें. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आंत घ्यावयाचें, ओहोटी लागली कीं जहाज आपोआप कोरड्यावर टेकलें, मग तोंड बंद करावयाचें! येथें जहाज दुरुस्त व्हावयाचें, तळ खरवडला जावयाचा, आणि पुन्हां समुद्र स्वतः येऊन त्याला उचलून नेणार. मनुष्यानें फक्त जागा करून ठेवावयाची. शिवछत्रपतींनीं आरमाराचा पाया घातला, तें आंग्र्यांनीं वाढविलें, आणि पुढें पेशव्यांचे सुभेदार धुळप यांनीं विजयदुर्गींच तें राखलें. त्या साऱ्या खटाटोपाचें मर्म तोफांपेक्षां अशा खळग्यांत अधिक आहे, असें आम्हांस तेथें वाटलें.

इ. स. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन व क्लाइव्ह यांनीं समुद्राकडून आणि पेशव्यांच्या फौजेनें जमिनीकडून विजयदुर्गास वेढा घातला. आंग्र्यांनीं पूर्वीं इंग्रजांकडून जिंकून घेतलेलें ‘रेस्टोरेशन’ नांवाचें जहाज बंदरांत होतें. त्यावर गोळा पडून तें पेटलें, आणि एकमेकांस बांधून ठेविलेलीं तुळाजी आंग्र्याचीं जहाजें एकामागून एक जळत गेलीं. बांधणीवर असलेलीं, अजून पाणी न पाहिलेलीं जहाजेंही वांचलीं नाहींत. मराठ्यांचें आरमार मराठ्यांच्या साह्यानें जळालें, ही गोष्ट आम्हीं तीस वर्षें वर्गांत शिकविली. पण पोरानें त्या दिवशीं जो प्रश्न केला तो एकाही विद्यार्थ्यानें केला नव्हता. तो म्हणाला, “आजोबा, त्या अपुऱ्या जहाजांवर काम करणारे सुतार दुसऱ्या दिवशीं काय करीत असतील?” आम्हांजवळ उत्तर नव्हतें.

सागवानाचें लांकूड मात्र आगीखेरीज कशाला भीत नाहीं. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें १८१७ सालीं बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ हें सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर उभें आहे. हें आम्हीं पोराला सांगितलें. त्याची मुद्रा थोडी खुलली.

खाडीकांठीं हल्लीं फायबरच्या होड्याच जास्त. लांकडी होडीची डागडुजी करणारा एक वृद्ध सुतार आम्हांस सुदैवानें भेटला. माडाच्या सांवलींत एक जुनी होडी ठोकळ्यांवर चढविली होती, दोहों अंगांनीं टेकू दिले होते, आणि प्रत्येक टेकूखालीं पाचरींची जोडी, एकीचें तोंड दुसरीकडे. पोरगा त्या पाचरींकडे टक लावून पाहूं लागला. एक पाचर हलक्या हातानें ठोकली कीं होडी केंसभर उचलते, ढिली केली कीं केंसभर खालीं बसते. आमच्या घडवंचीचे जबडे नुसते आवळतात. बारीकशी दुरुस्ती करण्याची सोयच त्यांत नाहीं.

आम्हीं पिशवींतून घडवंची काढली, वांकडा सांगाडा दाखविला आणि म्हटलें, “याच्या हाताला जरा वळण लावा.” म्हाताऱ्यानें सांगाड्याकडे फारसें पाहिलेंच नाहीं. त्यानें तो अलगद काढून पोराच्या हातीं दिला, घडवंची आपल्या कामाच्या फळीवर ठेविली, आणि दोन सरळ पट्ट्या घेऊन एक तिच्या या टोंकास व दुसरी त्या टोंकास आडवी टाकली. मग खालीं बसून एका डोळ्यानें पाहिलें, आणि आम्हांस पाहावयास सांगितलें. जवळच्या पट्टीची कड दूरच्या पट्टीच्या कडेशीं जुळत नव्हती. एक टोंक चांगलें दोन सूत उचललेलें. “गुरुजी,” तो म्हणाला, “पोराचो हात सरळच आसा. ह्या फळयेक पीळ आसा. जमीन आदी बघूची, मगे लाकूड.”

आमच्या पडवीच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठीं उतार आहे, आणि तोही सर्वत्र सारखा नाहीं. तिच्यावर ठेवून, वरून वजन देऊन, सरस वाळेपर्यंत आम्हीं त्या फळीला पडवीचाच आकार दिला होता. पावसाळी हवेनें कडा फुगल्या ती आणखी भर. तळफळीच पिळलेली, मग तिच्यावर गुण्या लावून उभा केलेला प्रत्येक वांक आपापल्या जागीं काटकोनांत, आणि सगळे मिळून वांकडे. पोरगा बरोबर बोलला होता. भोजाच्या ‘युक्तिकल्पतरू’ंत क्षुद्रा नौका सोळा हात लांब, चार हात रुंद, चार हात उंच असावी, असें मापांचें कोष्टक आहे. तें आम्हांस कित्येक वर्षें मुखोद्गत. पण ज्या फरशीवर आम्ही रोज बसतों, तिचा उतार आमच्या ध्यानांत आला नव्हता.

आम्हीं तेथेंच, त्या म्हाताऱ्यासमक्ष, पोराला म्हटलें, “चूक आमची होती. आणि ती आम्हीं चारचौघांत तुझ्यावर घातली.” तो कांहीं बोलला नाहीं. सांगाडा उलटसुलट करून पाहत राहिला. परततांना मोटारींत मात्र खारेपाटणपर्यंत पाचरींविषयींच बोलत होता. घरीं आल्यावर, जेवणाचीं पानें मांडलीं असतां, आम्हीं तीच गोष्ट सर्वांपुढें पुन्हां सांगितली. सौभाग्यवतींनीं पोराच्या पानांत तुपाची धार जरा जास्त धरली.

नंतर घडवंचीची नवी मांडणी झाली, ती सर्वस्वीं त्याच्या मताप्रमाणें. जुनी तळफळी टाकून दिली. माजघराच्या जुन्या दाराची एक सागवानी फळी अडगळींत होती. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेलें तें लांकूड. तिला रंधा मारून, दोन पट्ट्यांनीं पुनःपुन्हां पीळ पाहून, ती सपाट केली. खालीं चार पायांऐवजीं तीनच पाय बसविले, कारण तिवई कशाही जमिनीवर ठेविली तरी डगमगत नाहीं आणि वरच्या फळीला पिळवटत नाहीं. ही युक्ति पोराची. आम्हीं भूमितींत तीन बिंदूंचें प्रतल शिकविलें होतें, पण त्याला पाय फुटलेले प्रथमच पाहिले. परदेशी जबडे ठेविले, पण ते सरसानें न चिकटवितां स्क्रूंनीं धरले, व स्क्रूंचीं भोंकें कानसेनें जरा लांबट केलीं, म्हणजे हवेप्रमाणें लांकूड हाललें तरी ओढ बसूं नये. पठाण जबड्यांपेक्षां जाड होता, तेव्हां मध्यें अंतर वाढविलें आणि आंतून जुन्या दप्तराच्या पट्ट्याचे तुकडे लावले, त्यामुळें लांकडावर वळ उठत नाहींत. गुराबेची चोंच पुढच्या आडव्या फळीवर आपटत असे. तेथें पटाशीनें खोल खांच काढून तिला वाट करून दिली. मधला भाग फार रुंद म्हणून उभ्या खांबांच्या खांचा बाहेरपर्यंत वाढविल्या. आणि पठाणाखालीं, दर चार बोटांवर, पाचरींच्या जोड्या.

जुने वांक गरम पाण्याच्या फडक्यानें सरस मऊ करून सोडविले. सातांपैकीं पांच शाबूत निघाले. दोन नवे करावे लागले. आतां नऊ उभे आहेत. चोंचीपासून मागच्या खांबापर्यंत मधोमध एक दोरा ताणून, त्यापासून प्रत्येक वांकाच्या दोहों कडांचें अंतर तो रोज सकाळीं शाळेला जाण्यापूर्वीं मोजतो. दोऱ्याचें एक टोंक धरण्याचें काम त्यानें आमच्याकडे दिलें आहे. हात हालला तर रागावतो.