पुण्याचे निवांत पाणी

पुण्याला समुद्र नाही, मोठे नैसर्गिक सरोवरही नाही. तरीही या शहराच्या पश्चिमेस पाण्याची श्रीमंती आहे. सह्याद्रीच्या कुशीत मुठा, मोसे, आंबी, मुळा आणि पवना या नद्या धरणांनी अडविल्या गेल्या व डोंगरांच्या मधोमध विस्तीर्ण जलाशय निर्माण झाले. अलीकडे यांपैकी काहींवर कयाक दिसू लागली आहे. एक-दोन माणसांची ही अरुंद, ठेंगणी होडी मूळची आर्क्टिक प्रदेशातील इनुइट लोकांची. दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने ती चालते. तिला ना इंजिन, ना धूर, ना गोंगाट. आठवडाभर पेढीवर बसणारा व्यापारी आणि अभ्यासाने थकलेला त्याचा मुलगा एकाच होडीत बसून वल्हे मारू शकतात. प्रश्न एवढाच, की कुटुंबाने निर्धास्तपणे उतरावे असे शांत पाणी कोठे आणि केव्हा मिळते?

एके काळी ते शहरातच होते. एकोणिसाव्या शतकात सर जमशेटजी जीजीभॉय या दानशूर व्यापाऱ्याच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला आणि त्यामागे पाणी स्थिरावले. १८६८ मध्ये तेथे बोट क्लब स्थापन झाला. बोट क्लब रोड हे नाव त्याचीच खूण. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा रेगाटा हा नौकाविहाराचा सोहळा १९२८ पासूनचा. आज मात्र सांडपाणी आणि जलपर्णी यांमुळे शहरातील नदीपात्र मुलाबाळांसह उतरण्याजोगे राहिलेले नाही.

शहराला सर्वांत जवळचा मोठा जलाशय खडकवासल्याचा. १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी पुणेकर पितात. एका तीरावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी असून तिचे छात्र याच पाण्यावर नौकानयन शिकतात. त्यामुळे मनास येईल तेथून होडी सोडण्याची ही जागा नव्हे. त्यापुढे पानशेत आणि वरसगाव हे जुळे जलाशय आहेत. तेथे गर्दी तुलनेने कमी, पण फाटे अरुंद आणि डोंगर जवळ. वारा अशा खिंडीत अचानक बळावतो.

नवशिक्यांचा ओढा अधिक आहे तो मावळातील पवना जलाशयाकडे. पुण्याहून ५० ते ६० किलोमीटरवरील या पाण्याभोवती लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे किल्ले उभे आहेत. काठ अनेक ठिकाणी उतरता असल्याने होडी लोटणे सोपे जाते. पहाटे पाण्यावर धुके असते. ते विरळ होऊ लागले की तुंगाचे टोकदार शिखर प्रथम पाण्यात आणि मग आकाशात दिसते. वल्ह्यावरून ठिबकणाऱ्या थेंबांचा आवाजही त्या वेळी ऐकू येतो.

परंतु हेच पाणी दुपारी वेगळे असते. ऊन तापले की वारा सुटतो. उन्हाळ्यात तर पश्चिमेचा वारा घाट ओलांडून येतो आणि तासाभरापूर्वीच्या आरशावर लाटा उठतात. म्हणून शांत पाणी जागेपेक्षा वेळेवर अधिक अवलंबून असते. सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास उत्तम. ऋतूंचा हिशेब जैन कुटुंबांना सहज लक्षात राहील असा आहे. चातुर्मासात साधू-साध्वींचा विहार थांबतो; त्याच काळात सह्याद्रीत पाऊस कोसळतो, धरणांचे दरवाजे उघडतात आणि पाण्यावर जाणे धोक्याचे असते. कार्तिकी पौर्णिमेनंतर आकाश निवळते, जलाशय भरलेले असतात. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मेमध्ये पातळी उतरते, काठावर चिखल आणि पाण्यात बुडालेली खोडे वर येतात.

या जलाशयांच्या तळाशी जुनी शेते आणि नदीची मूळ पात्रे आहेत. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकताच तळ नाहीसा होऊ शकतो. पोहता येणारेही येथे फसले आहेत. लाइफ जॅकेट होडीत ठेवून भागत नाही; ते अंगावर, पट्टे आवळून हवे. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे थकल्यावर परतताना वारा साथ देतो. होडी उलटली तर तिला धरून राहावे. काठ जवळ भासला तरी पोहत निघू नये. धरणाची भिंत आणि सांडवा यांपासून दूर राहावे. मुलांसह जाताना परवानगी असलेल्या, जाणता वाटाड्या देणाऱ्या ठिकाणीच उतरावे, आणि जॅकेट मागितल्यावर कोणी हसले, तर तेथून परतावे.

अडविलेल्या पाण्याचे उग्र रूप पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी पाहिले. त्या दिवशी पानशेत धरण फुटले, खडकवासलाही टिकले नाही आणि शहराच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मुळशीचे धरण होऊ घातले, तेव्हा १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सेनापती बापटांसह सत्याग्रह केला होता. पवनेच्या विस्थापितांचा प्रश्नही दीर्घकाळ रेंगाळला. आजच्या निवांतपणाखाली कोणाची तरी घरे आणि शिवार आहे, हे पर्यटकाने विसरू नये. प्लास्टिकची एकही पिशवी या पाण्यात जाऊ न देणे, घरचा डबा काठावर उघडला तर त्याचे खरकटे परत आणणे आणि स्थानिक नावाड्याला त्याच्या श्रमाचे योग्य मोल देणे, एवढे तरी प्रत्येकास शक्य आहे. पहाटे निघालेले कुटुंब दुपारपूर्वी काठावर येते आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासाठी सहज घरी पोहोचते.