उघडी बिळे



एका माळकऱ्याने उंदरांवर लेख लिहावा याचे आपल्याला नवल वाटेल. पण गेल्या वैशाखात आमच्या घरी जे घडले, ते सांगून मोकळे झाल्याशिवाय मला यंदा पालखीसमोर ताठ उभे राहता येणार नाही. शिवाय आपल्यापैकी अनेकांच्या घरी दिंडी उतरते, कोठीत धान्य असते. म्हणून हे आपल्याही उपयोगाचे आहे.

आमचे घर फलटणला. जुने, दगडमातीचे, वर कौले, मागे पडवी. ज्ञानोबारायांची पालखी इथल्या विमानतळाच्या मैदानावर विसावते, त्या दिवशी एका दिंडीतली साठ-सत्तर माणसे आमच्याकडे जेवायला असतात. वडिलांपासूनचा हा नेम. त्यासाठी उन्हाळ्यातच गव्हाची पोती, तूरडाळ आणि गूळ कोठीत भरून ठेवतो.

तीन वर्षांपूर्वी पालखी चार दिवसांवर आली असताना पोते सोडले, तर खालचा कोपरा कुरतडलेला आणि गव्हात लेंड्या. आमची मंडळी म्हणाली, "अहो, हा गहू पंगतीला नको." मी म्हणालो, "अन्न टाकू नये. निवडून, धुऊन, वाळवून घेऊ." तसे केले. पंगत झाली, वारकऱ्यांनी तोंड भरून आशीर्वाद दिले, कोणाला काही बाधले नाही. पण पोळी वाढताना मी कोणाच्या तोंडाकडे पाहिले नाही. ही गोष्ट घराबाहेर कोणाला कळली नाही.

उंदीर मारायचा नाही, हा माझा बाणा. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसेचे केवढे विस्ताराने निरूपण केले आहे, ते आपण जाणताच. दर पारायणात ते वाचताना माझा गळा दाटून येतो. घरात मी पिंजरा लावायचो, सापडलेला उंदीर पहाटे कालव्यापलीकडे कोणाच्या तरी उसात सोडायचो आणि येऊन चहा प्यायचो. ज्याचा ऊस, त्याचे काय, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

गेल्या वैशाखात उंदीर फारच वाढले. देवघरातली तेलाची वात पळवू लागले. पेटती वात ओढून नेली असती तर घरच पेटले असते. सूनबाईने बाजारातून चिकट पुठ्ठा आणला. मी आणा म्हणालो नाही, नकोही म्हणालो नाही. सकाळी हरिपाठाला बसलो तर कोठीतून बारीक चिरकणे ऐकू आले. पुठ्ठ्यावर दोन पिल्ले चिकटली होती. तेल लावून सोडवायला गेलो तर कातडी सुटायला लागली. दुपारपर्यंत ती तडफडत होती. त्या दिवशी मला कळले, की मी हिंसा सोडली नव्हती, फक्त दुसऱ्याच्या हाती दिली होती.

मुलाने बारामतीहून पेस्ट कंट्रोलचा माणूस बोलावला. पस्तिशीचा तरुण, पाठीला पिशवी, हातात टॉर्च. मी दारातच विचारले, "किती मारणार?" तो म्हणाला, "गुरुजी, आधी घर तर बघू द्या."

तासभर त्याने औषधाची बाटलीसुद्धा काढली नाही. टॉर्च आडवी धरून भिंतीच्या कडेकडेने फिरला. उंदराची नजर अधू असते, मिशांनी भिंत चाचपत तो रोज त्याच वाटेने जातो, म्हणून भिंतीवर तेलकट काळा पट्टा उमटतो, हे त्याने दाखवले. लेंड्या पाहिल्या. काळ्या, ओलसर असतील तर ताज्या. करड्या होऊन चुरा होत असतील तर जुन्या. तांदळाएवढ्या असतील तर लहान उंदराच्या, त्याहून मोठ्या तर कौलांवरून येणाऱ्या काळ्या उंदराच्या. मागच्या मोरीपाशी मातीचा ढीग दिसला, ती घूस. न्हाणीतून एक चिचुंद्री पळाली. मी काठी उचलली तर म्हणाला, "राहू द्या, ती उंदीर नव्हे. झुरळे, किडे खाते."

मग त्याने मंडळींकडून रांगोळी मागितली. निजताना कोठीच्या उंबऱ्यापाशी, चुलीमागे आणि तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी बारीक थर पसरायला सांगितला. दुसऱ्या दिवशी त्या रांगोळीवर पावले उमटली होती. कोण कुठून येतो आणि कुठे जातो, सगळे लिहिल्यासारखे स्पष्ट.

ती पावले वाचून तो जे बोलला, ते माझ्या जिव्हारी लागले. "गुरुजी, हे आपणहून आले नाहीत. तुम्ही रोज वाढताय." तुळशीपुढचा नैवेद्य आम्ही रात्रभर तसाच ठेवत होतो. मोरीची जाळी तुटून दोन वर्षे झाली होती. पेरूची फांदी कौलांवर टेकली होती. कोठीच्या दाराखाली बोटभर फट होती. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत शिरतो, अंगठा जाईल एवढ्यातून मोठा. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून लाकूड, प्लॅस्टिक, वायर, काही ना काही तो कुरतडणारच. मादी तीन आठवड्यांत विते आणि पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. अशा घरात पिंजऱ्याने एकेक पकडत बसणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे.

पुढचे चार दिवस काम चालले ते गवंड्याचे आणि सुताराचे. मोरीला बारीक लोखंडी जाळी. भिंतीतल्या भोकांत भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट, कारण नुसते ओले सिमेंट ते रातोरात उकरतात. दाराखाली पत्र्याची पट्टी. फांदी छाटली. पोती गेली, झाकणाचे पत्र्याचे डबे आले, तेही जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून दूर. नैवेद्य दाखवला की उचलायचा. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, धूळ नाकात जाते. जंतुनाशकाचे पाणी शिंपडून, थोडे थांबून, हातमोजे घालून पुसायच्या. उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो, पावसाळ्यात तर अधिकच. गव्हाचे ऐकून तो म्हणाला, "लेंड्या दिसतात म्हणून निवडता येतात. मूत दिसत नाही." मी खाली पाहिले.

पिंजरेही त्याने वेगळ्या रीतीने लावले. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस दार बांधून, आत शेंगदाणा ठेवून पिंजरा तसाच सोडला. सवय झाल्यावर दार मोकळे केले. जागा भिंतीलगत, त्याच्या वाटेवर.

माउली हो, इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण मोरीमागच्या घुशींनी भिंतीचा पाया पोखरला होता. तो स्पष्ट म्हणाला, "इथे औषध लागेल. खोटे सांगणार नाही." बाजारातली जहाल विषे एका रात्रीत मारतात, पण थोडे चाखून जो वाचतो तो पुन्हा त्या अन्नाला शिवत नाही. ती उघड्यावर राहिली तर लेकराबाळांच्या जिवावर बेततात. हा वापरतो ते औषध रक्त गोठू देत नाही. तीन ते सात दिवस घेते, चुकून माणसाच्या पोटात गेले तर त्यावर दवाखान्यात व्हिटॅमिन के हा उतारा आहे. वड्या कुलूपबंद पेटीत, पेटी जमिनीला पक्की, आणि मेलेली घूस लगेच उचलून खोल पुरायची, नाही तर मांजर किंवा घुबड ती खाऊन मरते. "करू का?" त्याने विचारले. मुलगा माझ्याकडे पाहत होता. या वेळी मी गप्प बसलो नाही. हो म्हणालो. तीन घुशी मेल्या. खड्डा मीच खणला.

तो हिशेब मी पांडुरंगापुढे ठेवला आहे. त्याला पुण्य म्हणायचा मला अधिकार नाही. पण एवढे नक्की समजले, की जाळी दोन वर्षांपूर्वी बसवली असती तर ना चिकट पुठ्ठा आला असता, ना पेटी. मी ज्याला भूतदया म्हणत होतो, त्यात अर्धा आळस होता. बिळे उघडी ठेवायची, रोज अन्न वाढायचे, त्यांचे कुळ वाढले की हळहळत त्यांचा जीव घ्यायचा, ही कसली दया? जाणकार माणूस मारण्याकडे शेवटी वळला. आधी त्याने वाट बंद केली, अन्न उचलले. मनातले विकार आवरायला संतांनी याहून वेगळे काय सांगितले आहे? मी मात्र विकार घरभर माजला की नामाचा पिंजरा लावायला धावतो, आणि त्याला रोज नैवेद्य कोण ठेवतो ते पाहत नाही.

कुरतडलेला सगळा गहू या वेळी टाकला, नवा घेतला. आषाढीच्या वारीत दिंडी आली तेव्हा पंगत बसण्याआधी विणेकरी बुवांना बाजूला घेऊन तीन वर्षांपूर्वीचे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोठी दाखवा." डब्यांची झाकणे उघडून पाहिली, दाराखालच्या पट्टीला पायाने दाबून पाहिले. "पुढच्या साली गहू आधी भरून ठेवू नका. आम्ही लोणंदला पोहोचलो की दळा." एवढे बोलून ते पानावर बसले. मी वाढायला गेलो. त्यांनी पान पुढे केले आणि या वेळी मी त्यांच्याकडे पाहिले.

यंदा पालखीला अजून अवकाश आहे. आपल्या घरी दिंडी उतरत असेल, तर आज रात्री उंबऱ्यापाशी थोडी रांगोळी पसरून बघा. सकाळी उठल्यावर तिच्यावर कोणाची पावले आहेत ती नीट वाचा, आणि मग बीळ शोधा.

रामकृष्ण हरी.