दाशी नाशी



परवा टेंभुर्णीला माहेरी गेले होते. दुपारी शेजारपाजारच्या बायका जमल्या आणि जपानहून येऊन इतकी वर्षं झाली तरी तोच प्रश्न पुन्हा आला, "तिकडे हॉटेलात जायचे का गं तुम्ही? काय खायचे?" मी नेहमीसारखं हसून "डबा न्यायचो" म्हटलं. ते खोटं नाही, पण पूर्णही नाही. उरलेलं आज लिहिते.

२०१७ च्या मार्चमध्ये यांची बदली ओसाकाला झाली. घर आम्ही मुद्दाम कोबेत घेतलं, कारण तिथे आपलं देरासर आहे. कितानो भागात, चढावर, पांढऱ्या संगमरवराचं भगवान महावीर स्वामींचं मंदिर. १९८५ साली बांधलेलं, जपानमधलं पहिलं. मोत्यांच्या व्यापारासाठी तिथे स्थायिक झालेली जैन कुटुंबं आहेत, बहुतेक गुजराती. आम्ही पडलो स्थानकवासी. मूर्तीपुढे काय करायचं हे मला नीट येत नव्हतं. पहिल्या रविवारी मी एका कोपऱ्यात आसन टाकलं, मुहपत्ती बांधली आणि सामायिक करून उठले. कुणी काही म्हटलं नाही. एका बेननं उलट पुढच्या रविवारी माझ्यासाठी खाखऱ्यांचा डबा आणला. परदेशात पंथ फार लवकर पातळ होतात बघा.

घर म्हणजे दोन खोल्या आणि दोन बर्नरची शेगडी. तूरडाळ, कणीक, हिंग भारतीय दुकानात मिळायचं. भाजीला कोबी, काकडी, पालक, भोपळा. भेंडीला ते 'ओकुरा' म्हणतात, चव तीच. आठम-चौदसला हिरवी भाजी नको म्हणून आईनं बांधून दिलेल्या मुगवड्या पुरवून पुरवून वापरायचे. घरातलं सगळं जमलं. अडचण होती ती घड्याळाची आणि दाराबाहेरची.

घड्याळाचं सांगते. आपल्याकडे जालन्यात डिसेंबरातही सूर्य पावणेसहापर्यंत असतो. कोबेत पाचच्या आधीच, दहा मिनिटं कमी असतानाच मावळतो. हे ऑफिसातून यायचे साडेसातला. मी तेरा वर्षांची असताना रात्रिभोजनाचा त्याग घेतला होता, पाण्याची सूट ठेवून. टेंभुर्णीच्या घरी विहारात आलेल्या सतीजी उतरल्या होत्या, त्यांच्याकडून पच्चक्खाण घेतले होते. त्यामुळे हिवाळ्यात मी साडेचारला एकटी जेवायचे आणि हे डब्यातलं चारला ऑफिसात. जूनमध्ये उलट गंमत. सूर्य पावणेपाचला उगवायचा, नवकारसी साडेपाचला येऊन जायची आणि संध्याकाळी सव्वासातपर्यंत उजेड. एकत्र जेवण आमच्याकडे ऋतूप्रमाणे यायचं, आंब्यासारखं.

आणि दाराबाहेर? मी दोन शब्द शिकले. 'नाशी' म्हणजे नाही, वगळून. निकु नाशी, मांस नको. साकाना नाशी, मासा नको. तामागो नाशी, अंडं नको. आपल्या कानाला सगळ्याचाच नाश वाटतो! दुसरा शब्द 'दाशी'. तो शिकायला मला आठ महिने लागले, आणि फार महाग पडला.

जपानी लोकांना मांस नको म्हणणं समजत नाही असं मुळीच नाही. इसवी सन ६७५ मध्ये तिथल्या तेन्मु सम्राटानं गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी यांचं मांस वर्षातले काही महिने खायला बंदी केली होती. पुढे बौद्ध धर्माच्या प्रभावानं बाराशे वर्षं चारपायी जनावर खाणं तिथे कमीपणाचं मानलं गेलं. १८७२ मध्ये मेइजी सम्राटानं मांस खाल्ल्याचं जाहीर झालं तेव्हा कुठे रीत बदलली. पण मासा कधीच या हिशोबात नव्हता. तुम्ही 'मांस नको' म्हटलं की माशाला धक्का लागत नाही, आणि 'मासा नको' म्हटलं तर ताटातला तुकडा जातो, पाण्यातला अर्क राहतो. हा अर्क म्हणजे दाशी. बोनितो नावाचा मासा उकडून, धुरावर वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि रंध्यासारख्या हत्यारानं त्याचा कीस काढतात. त्याला म्हणतात कात्सुओबुशी. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो सुताराच्या दुकानातला भुगा वाटला. गरम पदार्थावर टाकला की वाफेनं हलतो. तो कीस गरम पाण्यात घालून गाळला की झाली दाशी. सूप, चटणी, भाजी, नूडल्स, सगळ्याचा पाया तोच. आपल्या फोडणीसारखा. फोडणी दिसत नाही म्हणून कुणी आमटीला फोडणी नाही म्हणतं का?

नोव्हेंबरमध्ये यांच्या साहेबांनी आम्हा दोघांना क्योतोला जेवायला बोलावलं. लाल पानांचे दिवस होते. त्यांच्या पत्नीनं माझ्या सवयींची आधी फोनवर चौकशी केली होती, मी रात्री जेवत नाही म्हणून दुपारचं ठरवलं, आणि नान्झेनजी मंदिराच्या परिसरात खास टोफूचं जेवण देणारी जागा निवडली. तो भाग यासाठीच प्रसिद्ध आहे. हॉटेलवाल्यांना त्यांनी मांस नको, मासा नको, अंडं नको, कांदा-लसूण नको, कंद नको, असं सगळं सांगून ठेवलं होतं. इतकी काळजी माझ्या सख्ख्या नात्यातल्या कुणी घेतली नसेल.

समोर शेगडीवर मातीचं भांडं, त्यात टोफूचे पांढरे चौकोन. तळाशी कोम्बूची एक रुंद पट्टी होती. समुद्रातलं शेवाळ ते. आपल्यात शेवाळ अनंतकाय. पण मला ते तमालपत्रासारखं दिसलं आणि मी मनाची समजूत घातली. हे मी कुणावर ढकलत नाही. शेजारी छोट्या सुरईत काळसर, कोमट सार होतं. टोफू त्यात बुडवून खायचा. मी खाल्ला. आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, मला तो फार आवडला. आठ महिन्यांत बाहेर बसून, चार माणसांत, गरम काही खाल्लं होतं ते पहिल्यांदाच. मी ते सार दुसऱ्यांदा वाटीत घेतलं.

शेवटी चहा आला. साहेबांच्या पत्नी माझ्याकडे बघून आनंदानं म्हणाल्या की तुम्हाला आवडलं ना, इथलं सार नामांकित आहे, कात्सुओ अगदी उत्तम प्रतीचा वापरतात. तेवढा एक शब्द मला कळला. मी यांच्याकडे पाहिलं. हे कपात बघत होते.

तिथे मी काही बोलले नाही. वाकून आभार मानले. परतीच्या गाडीत दीड तास नवकार म्हणत बसले. घरी आल्यावर विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच घासाला," हे म्हणाले. ऑफिसच्या कँटीनमध्ये तो वास रोज येतो.

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"त्या बाईंनी महिनाभर आधीपासून सगळं ठरवलं होतं गं. तिथं सांगितलं असतं तर त्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

"आणि मला?"

यावर हे गप्प. दुसऱ्या दिवशी मी उपवास केला. यांनीही केला, पण वेगळ्या खोलीत बसून. त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही एकमेकांशी फक्त कामाचं बोललो. परक्या देशात, दोन खोल्यांत, ज्या एकाच माणसाशी मराठी बोलता येतं त्याच्याशी अबोला धरणं काय असतं ते मी कुणावर येऊ नये असं म्हणेन.

आईला फोनवर सांगितलं नाही. सतीजींकडे आलोचना करायची तर त्या फोन वापरत नाहीत, आणि वापरत असत्या तरी हे फोनवर सांगायचं नव्हतं. मग मीच माझी वकील. नकळत घडलं, हेतू नव्हता, तुकडा नव्हता. त्याच दिवसांत गांधीजींची आत्मकथा पुन्हा वाचायला घेतली. १८८८ मध्ये विलायतेला निघताना आईच्या समाधानासाठी त्यांनी बेचरजी स्वामी या जैन मुनींसमोर प्रतिज्ञा घेतली होती, हे आपल्याला ठाऊक असतं. पुढचं आपण विसरतो. लंडनमध्ये त्यांना मांसाच्या तीन व्याख्या ऐकायला मिळाल्या. एकीप्रमाणे फक्त पशुपक्ष्यांचं मांस म्हणजे मांस, मासा चालतो. दुसरीत मासा नाही, पण अंडं चालतं. तिसरीत अंडी-दूध सगळंच बंद. सोयीची पकडली असती तर कुणी विचारणारं नव्हतं. त्यांनी ठरवलं की प्रतिज्ञा आईनं घ्यायला लावली, तेव्हा आईच्या मनातला अर्थच खरा, आणि अंडं सोडलं. मग प्रत्येक जेवणात कशात अंडं आहे हे विचारत बसणं आलं. ते वाचून माझं वकीलपत्र मी गुपचूप परत घेतलं. टेंभुर्णीच्या ओसरीवर बसलेल्या माझ्या आजीला त्या सारात काय आहे हे सांगितलं असतं, तर तिनं व्याख्या विचारली नसती.

यांनी मात्र एक केलं. मला न सांगता एका जपानी सहकाऱ्याच्या मदतीनं कोयासानच्या एका मंदिराला पत्र लिहिलं. कोयासान हा ओसाकाहून दक्षिणेला डोंगरावरचा बौद्धांचा मठांचा गाव, ८१६ साली कुकाई या भिक्षूनं वसवलेला. तिथली अनेक मंदिरं यात्रेकरूंना राहू देतात आणि 'शोजिन' जेवण देतात. मांस-मासा नाही, कांदा-लसूणही नाही. ऐकून वाटतं, आपलंच! पण मुळा, गाजर, कमळकाकडी, गोबो नावाचं लांब मूळ, कंदापासून केलेलं कोन्न्याकु, सुकवलेले मशरूम, आणि सगळं कोम्बूच्या पाण्यात शिजवलेलं. यांच्या पत्राला पानभर यादी होती. उत्तर आलं, या.

२०१८ च्या जूनमध्ये गेलो, मुद्दाम लांब दिवसाचे. साडेपाचला ताट आलं, सूर्य अजून देवदारांवर होता. पांढरा भात, तिळात घोळवलेला पालक, काकडी, भोपळ्याची आणि मिरच्यांची भजी, मीठ-पाण्यात उकडलेला टोफू, खारवलेला आलुबुखार. आणि हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, नुसत्या मिठाच्या. त्या शेंगा सोलताना मला आमच्या शेतातल्या तुरीच्या उकडलेल्या शेंगा आठवल्या आणि घास गिळवेना. तिळाच्या टोफूसारखी एक वडी होती. यांनी विचारलं, कशानं घट्ट केलीय? कुडझू नावाच्या वेलीच्या मुळाच्या पिठानं. ताट वाढणारा तरुण भिक्षू स्वतःच ओशाळला, ती उचलून घेऊन गेला. परत येऊन त्यानं विचारलं, मूळ का नाही? मी यांच्या तोंडून सांगितलं की मूळ उपटलं की अख्खं झाड जातं, आणि त्यात अनंत जीव मानतो आम्ही. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मुळ्याशिवाय आमचा इथला हिवाळा निघायचा नाही." मला ते फार प्रामाणिक वाटलं.

त्यानंतर आम्ही अधूनमधून बाहेर जाऊ लागलो. विचारायचं काम यांनी घेतलं. हे दारातच उभे राहून विचारायचे, "दाशी नाशी?" दहातल्या नऊ ठिकाणी मालक डोकं खाजवायचा, मान हलवायचा. मग आम्ही बंदरावर बाकावर बसून थालीपीठ खायचो. नवव्यांदा नकार ऐकताना यांना लाज वाटत नसेल असं नाही. पण मला पुढे करून हे मागे राहिले नाहीत.

२०१९ च्या मे महिन्यात परतलो. जूनमध्ये चातुर्मासाच्या आधी, जालन्याहून विहार करत सतीजींचा संघाडा टेंभुर्णीत आला आणि आमच्याच घरी उतरला. मी दीड वर्षं मनात धरलेलं सगळं सांगितलं. कोम्बूचंही. त्यांनी मधे टोकलं नाही. शेवटी एकच विचारलं, "चव आवडली होती?"

"हो," मी म्हटलं. "पुन्हा मागून घेतलं."

त्यांनी तीन आयंबिल आणि काही दिवसांचा स्वाध्याय दिला. मी बाहेर आले. हे ओसरीवर बसले होते. उठले, चप्पल बाजूला सारली आणि आत गेले. आई आत होतीच. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, आजही विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयंबिलाचा भात धूत होते, तर हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "माझेही तांदूळ घाल त्यात."