दात काढून ठेवणारा म्हातारा

गेल्या मार्गशीर्षात डॉक्टरांनी माझे उरलेसुरले दात उपटले आणि कवळी बसवली. कवळीचं आणि माझं काही जमेना. जेवायच्या वेळेला लावायची, हात धुतले की काढून वाटीत ठेवायची. घरात सगळ्यांना त्याचं हसू. एके रात्री नातू मोबाईल घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसला. "आज्जा, तुमच्यासारखा एक म्हातारा सापडलाय. अमेरिकेतला."

जुना काळापांढरा इंग्रजी पिक्चर होता. जनावरांचा मोठा कळप हाकत निघालेली माणसं, आणि त्यांच्यासाठी रांधणारा एक म्हातारा. हा बाबा पत्ते खेळताना एका रेड इंडियनाकडे आपली कवळी हरतो. तो इंडियन ती जवळ ठेवून घेतो आणि म्हाताऱ्याला फक्त जेवणाच्या वेळी देतो. मी पोट धरून हसलो. मग हसता हसता थांबलो. म्हणालो, "ह्या माणसाला मी बघितलंय रे. कोल्हापुरात बघितलंय."

नातवाला खरं वाटेना. खोटं कशाला सांगू? १९७८ चा जानेवारी असेल. मी दहावी होऊन शेतीत आलो होतो. आमच्या गुऱ्हाळाचा गूळ ट्रकमध्ये घालून मी आणि नाना कोल्हापूरच्या बाजाराला गेलो होतो. नाना आमचा सालगडी. माझ्या जन्माच्या आधीपासून घरात. तरणा असताना भरल्या गाडीचं चाक पायावरून गेलेलं, त्यामुळे डावा पाय ओढत चालायचा. शनिवारी पोचायला उशीर झाला, सौदा सोमवारवर गेला. रविवारचा दिवस रिकामा. सकाळच्या खेळाला एका थेटरात जुना इंग्रजी पिक्चर लागला होता, तिकीट कमी. बाहेर बंदूकवाल्यांचं चित्र बघून आम्ही आत शिरलो.

इंग्रजी मला शाळेपुरतं, नानाला तेवढंही नाही. पण गोष्ट समजली. एक उंच फौजदार, त्यानं एका खुन्याला कोठडीत घातलेला. खुन्याचा भाऊ बडा जमीनदार, माणसं घेऊन गाव अडवून बसलेला. फौजदाराच्या बाजूला कोण, तर एक दारुडा, एक पोरगेला बंदूकवाला आणि कोठडीची राखण करणारा एक लंगडा म्हातारा. म्हातारा सारखा कुरकुर करतोय. मी म्हणून हे करतोय, मला कोण विचारतंय, असलं काहीतरी. त्याचं बोलणं समजत नव्हतं, पण सूर ओळखीचा होता. आमच्या गोठ्यात रोज पहाटे तोच सूर लागायचा.

एका ठिकाणी तो अशीच कुरकुर करत असतो, तर फौजदार वाकतो आणि त्याच्या डोक्याचा मुका घेतो. म्हातारा चिडून झाडू हाणतो त्याच्या मागं. थेटरात नाना एवढ्या मोठ्यानं हसला की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. शेवटच्या मारामारीत लंगड्याला पळता येत नाही म्हणून मागं थांबायला सांगितलेलं असतं, पण ऐन वेळेला हा तिथं हजर. सुरुंगाच्या कांड्या फेकतोय आणि फौजदार त्या गोळीनं उडवतोय.

बाहेर आल्यावर चहा पिताना नाना म्हणाला, "त्यो उच्चा हाय न्हवं, त्यो सोंग करतोय. म्हाताऱ्यानं मातूर खरंच गोठ्यात दिस काढल्याती."

एवढंच. ना पिक्चरचं नाव डोक्यात राहिलं, ना नटाचं. आता सत्तेचाळीस वर्षांनी नातवानं शोधून काढलं. पिक्चर 'रिओ ब्राव्हो', १९५९ चा. नट वॉल्टर ब्रेनन. जन्म १८९४, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लिन गावचा. नातू वाचून अर्थ सांगत गेला आणि मी रोज रात्री जेवण झालं की "पुढं?" म्हणत बसलो.

ब्रेनन पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता. परत आल्यावर कॅलिफोर्नियात जमिनीच्या खरेदीविक्रीत पडला. पैसा मिळाला आणि बाजार बसल्यावर गेलाही. बायको, पोरं, खायची पंचाईत. मग सिनेमात एक्स्ट्रा म्हणून उभा राहायला लागला. गर्दीतला माणूस, रोजंदारीचं काम. आज बोलावलं तर पैसे, नाही तर घरी. आमच्याकडं भांगलणीला रोजानं बायका सांगतात, तसंच. असा दहाएक वर्षं राबला. १९३२ च्या सुमाराला एका अपघातात पुढचे दात गेले. दुसरा एखादा घरी बसला असता. ह्यानं त्याचंच भांडवल केलं. कवळी लावली की चाळिशीतला माणूस, काढली की सत्तरीचा म्हातारा.

हॉवर्ड हॉक्स नावाचा दिग्दर्शक त्याची एक गोष्ट सांगायचा. १९३५ साली एका छोट्या कामासाठी ब्रेननला त्याच्यापुढं उभा केला, तर ब्रेननचा पहिला सवाल, दात लावून करू का काढून? हॉक्स हसला आणि त्याचं काम वाढवत नेलं. सगळे मिळून त्यानं त्याला सहा पिक्चरमध्ये घेतला. 'रिओ ब्राव्हो' त्यातला, आणि नातवानं दाखवलेला कवळी हरण्याचा 'रेड रिव्हर', १९४८ चा, तोही त्यातलाच.

ऑस्कर म्हणून तिकडं मोठं बक्षीस असतं. दुय्यम काम करणाऱ्यांना ते १९३६ सालच्या कामापासून द्यायला लागले, आणि पुरुषांत पहिलंच ह्याला मिळालं. मग १९३८ च्या, मग १९४० च्या कामाला. पाच वर्षांत तीन. दुय्यम कामाची तीन बक्षिसं आजवर दुसऱ्या कुठल्या पुरुषाला मिळालेली नाहीत. पण गंमत ऐका. मुख्य नटाला सोन्याच्या रंगाची बाहुली द्यायचे आणि दुय्यमवाल्याला त्या वर्षांत नुसती पाटी, तिच्यावर तीच बाहुली बारीक करून बसवलेली! गडी म्हटला की ताटसुद्धा वेगळं, ही रीत तिकडंही आहे म्हणायची. तेव्हा एक्स्ट्रा लोकांनाही मतं होती आणि आपल्यातून वर गेलेल्या माणसाला त्यांनी भरभरून दिली, असं म्हणतात. तसं असेल तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. चिखलात कोण उभा राहिला होता हे चिखलातल्यालाच माहीत.

१९३८ चं बक्षीस ज्याला मिळालं त्यात तो घोडेवाला म्हातारा झालाय. वय चव्वेचाळीस. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी मिशीला कलप लावत होतो.

दोनशेच्या वर पिक्चर केले त्यानं. पुढं टीव्हीवर १९५७ ते ६३ एका मालिकेत लंगडा शेतकरी आजोबा झाला. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, पैसा आल्यावर त्यानं ओरेगॉन राज्यात जोसेफ गावाजवळ हजारो एकरांचं रान घेतलं आणि जनावरं पाळली. नानाचं बोलणं अगदीच चुकलं नव्हतं.

'रेड रिव्हर' आम्ही पुरा बघितला, दोन रात्रीत. नातू मध्ये मध्ये थांबवून सांगायचा. त्यात ब्रेनन डन्सन नावाच्या मालकाचा जुना माणूस असतो. दोघांनी तरुणपणी मिळून उजाड रानात जनावरं वाढवलेली. चौदा वर्षांनी हजारोंचा कळप टेक्सासहून उत्तरेला विकायला न्यायचा असतो. वाटेत मालकाचं डोकं फिरतं. माणसांना उपाशी राबवतो, पळून जाणाऱ्यांना मारायला उठतो. प्रत्येक वेळी हा म्हातारा त्याच्या तोंडावर सांगतो, मालक, तुमचं चुकलं. ओरडत नाही, शिवी देत नाही. आणि शेवटी मालकाचा मानलेला पोरगा कळप काढून घेतो, तेव्हा म्हातारा आपली रांधायची गाडी घेऊन पोराबरोबर जातो.

तिथं मी नातवाला म्हणालो, "बंद कर जरा."

१९९१ साली मी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले, कारभार माझ्याकडं. पाडव्याला दरवर्षी गड्याचं साल ठरतं. त्या पाडव्याला मी नानाला सांगितलं, औंदा साल ठरवायचं नाही, बैलंही काढणार. तो उंबऱ्याबाहेर बसला होता. स्वतःबद्दल एक शब्द बोलला नाही. म्हणाला, "बैलं इकू नगंस. आपलं रान काळं, पाऊस लागला की तुजं यंत्र रुतंल. चुकतंय तुजं." मी हसलो. तीस-एकतीस वर्षांचा मालक होतो मी. त्याच आषाढात ट्रॅक्टर खालच्या वावरात चाक बुडेपर्यंत रुतला आणि शेजाऱ्याच्या बैलांनी ओढून काढला. तोवर नाना बहिणीच्या गावाला गेला होता. अंतर बावीस किलोमीटर. त्याला सांगायला जायचं असं पुष्कळदा मनात आलं. दोन वर्षांनी तो वारल्याचं कळलं, तेही चौथ्या दिवशी.

बायको म्हणते, तुम्ही त्याला जाताना धोतरजोडी दिली होती, पैसे दिले होते. दिले होते. पण तेवीस-चोवीस वर्षं मी त्याला बघत होतो, पहाटे गोठ्यात, रात्री पाण्याच्या पाळीला, आणि बरं केलंस नाना, असं एकदा म्हटल्याचं आठवत नाही. डोक्याचा मुका ही तर लांबची गोष्ट.

नातवानं शेवटी ब्रेननच्या मृत्यूची तारीख वाचली, २१ सप्टेंबर १९७४. मी बोटं मोडली. म्हणजे आम्ही कोल्हापुरात त्याला बघितला तेव्हा त्याला जाऊन तीन वर्षं उलटली होती. आणि पडद्यावर तो झाडू घेऊन धावत होता, आणि माझ्या शेजारी नाना गुडघ्यावर थापा मारत हसत होता. त्याच्या तोंडात तेव्हा समोरचे चारच दात राहिले होते. अंधारातही दिसले होते मला.