एंटेबेच्या रस्त्यावर

दादा गेल्यापासून लेस्टरमध्ये माझ्याशी मराठीत भांडणारं कुणी उरलेलं नाही. बेलग्रेव्ह रोडवर दिवसभर गुजराती कानावर पडतं, बायकोशी मी पहिल्यापासून गुजरातीतच बोलतो, मुलं इंग्रजीत. आई गेल्यावर घरातली मराठी आम्हा दोघा भावांपुरतीच राहिली होती, आणि तीही बरीचशी एकाच भांडणात खर्च व्हायची: त्या दिवशी एंटेबेच्या रस्त्यावर नक्की काय झालं?

4 ऑगस्ट 1972 रोजी युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना देश सोडायला सांगितलं. मुदत 90 दिवसांची. वडील रत्नागिरीहून रेल्वेत कारकुनी करायला कंपालात आले होते. ते तेव्हा हयात नव्हते. आमचे पासपोर्ट ब्रिटिश, म्हणून आम्हाला इंग्लंडचं विमान. भारतीय पासपोर्ट असलेले शेजारी आगगाडीने मोंबासाला आणि तिथून बोटीने मुंबईला गेले. दादा 22 वर्षांचा होता, मी 14. मकेरेरे विद्यापीठातलं त्याचं शेवटचं वर्ष तसंच सुटलं. ते त्याने पुढे कधीच पुरं केलं नाही.

कंपाला ते एंटेबे विमानतळ हे अंतर सुमारे 40 किलोमीटर. वाटेत लष्कराची नाकी. प्रत्येक नाक्यावर ट्रंका उघडायच्या, कपडे रस्त्यावर पसरायचे, परत भरायचे. एका नाक्यावर शिपायाची नजर आईच्या गळ्याकडे गेली. मला आठवतं ते असं, की दादा मध्ये पडला, शिपायाने त्याला बंदुकीच्या दस्त्याने मारलं आणि वडिलांचं घड्याळ त्याच्या मनगटावरून ओढून घेतलं. दादा म्हणायचा, "मारलं-बिरलं काही नाही रे. घड्याळ मीच काढून दिलं. स्वाहिलीत दोन शब्द गोड बोललो, त्याने गाडी सोडली." आईची साखळी वाचली, एवढ्यावर मात्र आमचं एकमत होतं. आईने हा विषय कधी काढलाच नाही.

ब्रिटनमध्ये आम्हाला वेल्समधल्या टोनफानाऊच्या छावणीत ठेवलं. समुद्राला लागून असलेला जुना लष्करी तळ. वारा असा, की दार उघडायलाही जोर लावावा लागे. स्वयंसेवी संस्थांच्या बायकांनी गरम कपडे वाटले. त्या बायकांबद्दल दादा आयुष्यभर कृतज्ञतेने बोलला.

लेस्टर नगरपालिकेने 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात जाहिरातच दिली होती, की इथली घरं, शाळा भरल्या आहेत, तुमच्याच भल्यासाठी इकडे येऊ नका. ती वाचून दादा म्हणाला होता, "एवढी जाहिरात देताहेत म्हणजे तिथं आपली माणसं नक्की आहेत." आणि आम्ही लेस्टरला आलो. होजिअरीच्या कारखान्यात त्याने रात्रपाळी धरली. सकाळी घरी येऊन तो मला उठवायचा, डबा हातात द्यायचा, मगच झोपायचा. मी इंजिनिअर झालो तो त्या रात्रपाळ्यांवर. हे त्याच्यासमोर म्हटलेलं त्याला चालत नसे, विषय बदलायचा.

सुमारे 28,000 माणसं त्या वेळी ब्रिटनला आली. 2022 मध्ये या घटनेला 50 वर्षं झाली, तेव्हा लेस्टरच्या संग्रहालयात प्रदर्शन भरलं होतं. दादाला घेऊन गेलो. तिथल्या एका तरुण मुलीने त्याला प्रवासाबद्दल विचारलं. त्याने रस्ता सांगितला, नाकी सांगितली, घड्याळही सांगितलं, अगदी हसत. मी शेजारी गप्प उभा होतो. त्या दिवशी प्रथमच मनात आलं, की इतकी वर्षं हा माणूस मलाच सांभाळत आला असेल. मोठ्या भावाला मार खाताना पाहिलेल्या 14 वर्षांच्या पोराला तो आजही पटवून देत असेल, की तू पाहिलंस ते घडलंच नाही.

गेल्या महिन्यात नातीने शाळेसाठी तोच प्रवास विचारला. मी तिला दोन्ही हकिकती सांगितल्या, आधी दादाची, मग माझी. यातली खरी कुठली, असं ती विचारत राहिली. तुझ्या मोठ्या आजोबांनी तुझ्या पणजीची साखळी वाचवली, हे आधी लिहून घे, असं मी तिला सांगितलं.