फड आणि अध्यासन

तोंडी चालत आलेली कला विद्यापीठात नेली की तिचा जीव जातो, असं मी वर्षानुवर्षं ठामपणे म्हणत आलो. कवठे येमाईत वाढलेल्याला असं वाटणं साहजिकच. हे तमासगीर गंगारामबुवा कवठेकरांचं गाव. बी. के. मोमीन कवठेकरांनी वग आणि लावण्या लिहिल्या त्याही इथल्याच मातीत. गण, गवळण, बतावणी शिकायची ती फडावर, जाणत्यांच्या मागे बसून. सोंगाड्या समोरचं गाव बघून वाक्य फिरवतो, ढोलकीवाला त्याच्या खांद्याकडे बघून थाप रोखून धरतो. याची प्रश्नपत्रिका कशी काढणार?

हे मत हललं ते स्कॉटलंडमुळे. तिथली गेलिक ही केल्टिक कुळातली भाषा, डोंगरातल्या आणि बेटांवरच्या गरीब शेतकऱ्या-कोळ्यांची. 1872 च्या शिक्षण कायद्यात तिला जागाच नव्हती. तेव्हा एडिनबरा विद्यापीठात ग्रीक शिकवणारे जॉन स्टुअर्ट ब्लॅकी तिच्यासाठी व्याख्यानं देत, वर्गणी मागत हिंडले. गेलिक त्यांची मातृभाषासुद्धा नव्हती! सुमारे 12,000 पौंड जमले आणि 1882 मध्ये केल्टिकचं अध्यासन उभं राहिलं. त्यावर पहिले बसले डोनाल्ड मॅकिनन, कोलोन्से बेटावर गेलिक बोलत वाढलेले. ही निवड मला फार मोलाची वाटते.

अध्यासनामुळे घराघरातली गेलिक काही टिकली नाही, ती घटतच गेली. माझं जुनं मत इथंच अडून बसलं होतं. मग आयल ऑफ मॅन या बेटाची हकिगत कळली. 1948 मध्ये आयर्लंडच्या लोकवाङ्मय आयोगाने तिथली मँक्स भाषा बोलणाऱ्या शेवटच्या वृद्धांचे आवाज मुद्रित करून घेतले. त्यांतले नेड मॅड्रेल 1974 मध्ये गेले. पण तोवर त्यांच्यासारख्यांकडे बसून आणि नंतर ते आवाज ऐकून काहीजण मँक्स शिकले. 2001 मध्ये तिथे मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली.

आपल्याकडे मोमीन कवठेकरांना शासनाचा 2018 चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला, 2021 मध्ये ते गेले. पुरस्काराने कलावंताचा मान होतो आणि तो व्हायलाच हवा. पण वगाचं कथानक कुठे आवळायचं, लावणी कुठे सोडायची, हे पुढच्याला कळायचं तर शिकवणारा आणि शिकणारा रोज समोरासमोर बसले पाहिजेत. फड कमी होत असताना ती बैठक विद्यापीठातच घालता येईल, असं आता माझं मत आहे. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, पुण्यात ललित कला केंद्र आहे. पूर्वी मी त्यांच्याकडे पाठ फिरवली असती, आज तिथे आणखी जागा मागतो.

मागणी मात्र मॅकिनन यांच्यासारख्या माणसाची आहे. फडावर आयुष्य काढलेल्याला प्राध्यापक नेमा, त्याची पदवी विचारू नका. आणि यात्रांच्या हंगामात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागल्या की विद्यार्थ्यांना तिकडे धाडा, त्या दिवसांची हजेरी तिथेच घ्या.