नव्वद-दहा

2024 च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतील एडिसन येथे मुलाकडे मुक्काम असताना त्याने मोटारीचे दोन जुने शॉक अब्जॉर्बर विकावयास काढले. त्या व्यवहाराचा मी साक्षीदार होतो. साक्षीदार म्हणणे हेही तसे अर्धसत्यच; माझा हात त्यात लागला होता, आणि तो लागला नसता तर बरे झाले असते.

मुलाकडे 1972 ची शेव्हर्ले नोव्हा आहे. ती घेऊन तो ड्रॅग रेसिंग करीत असे. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या करायच्या, खांबावरचा हिरवा दिवा लागला की सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर, सुसाट सोडायच्या. वळण नाही, घाट नाही. दहा-बारा सेकंदांत सारे आटोपते. एवढ्यासाठी महिनोन्महिने राबावे, हे बडोद्याच्या दांडिया बाजारात जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला कधी पटले नाही. जवळच इंग्लिशटाउनला शर्यतीची पट्टी होती. तेथेच 2008 च्या जूनमध्ये स्कॉट कॅलिटा हा नामांकित स्पर्धक अपघातात गेला, आणि त्यानंतर सर्वांत वेगवान गाड्यांचे अंतर हजार फुटांवर आणले गेले. ती बातमी ऐकल्यापासून मुलाचा फोन येईपर्यंत आम्हा दोघांचा जीव थाऱ्यावर नसे. 2018 मध्ये तेथील ड्रॅग शर्यती थांबल्या, 2023 मध्ये ॲटकोची पट्टीही बंद झाली, आणि मुलाने हळूहळू सामान काढून टाकायला सुरुवात केली. मी मनातून सुखावलो, हे कबूल करतो.

हे शॉक पुढच्या चाकांचे. मूळ गाडीबरोबर आलेले नव्हेत, शर्यतीसाठी वेगळे घेऊन बसवलेले. त्यांना ‘नव्वद-दहा’ म्हणतात. हा शॉक ओढला तर सहज लांबतो, दाबू गेले तर अडून बसतो; विरोधाचा नव्वद टक्के वाटा दाबण्याला, दहा टक्के ओढण्याला. गाडी सुटताना तिचे नाक चटकन वर यावे, भार मागच्या चाकांवर जावा, ती जागच्या जागी न घसरता जमीन धरून राहावीत आणि वर गेलेले नाक लगेच खाली येऊ नये, यासाठी हा खटाटोप. रोजच्या रस्त्याला मात्र असले शॉक नकोत.

गिऱ्हाईक चार वाजता यायचे होते. मी सहज दोन्ही शॉक ओढून-दाबून पाहिले. एकाच्या दांड्यावर तेलाचा ओलावा होता, आणि दाबताना तो मुळीच अडत नव्हता. शेजारी फडके पडले होते. मी दांडा पुसू लागलो.

“बाबा, पुसू नका. राहू द्या तसंच.” आवाजात राग नव्हता.

1989 मध्ये बडोद्याला मी माझी स्कूटर विकली. तिचाही पुढचा शॉक तेल गाळीत होता. घेणारा यायच्या आधी मी तो पुसून लख्ख केला; फडके आणून दिले होते याच मुलाने, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. घेणारा एका शाळेतला शिपाई. त्याने फारशी घासाघीसही केली नाही. पुढे एकदा तो गल्लीच्या तोंडाशी दिसला, तेव्हा मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

चार वाजता आला तो विशी-बाविशीचा पोरगा. मुलाने आधी विचारले, गाडी रस्त्यावर चालवतोस काय? नाही, ट्रेलरवर घालून पेनसिल्व्हानियातील मेपल ग्रोव्हला नेतो, असे तो म्हणाला. मग मुलाने गळका शॉकच प्रथम त्याच्या हाती दिला. त्याने दाबून पाहिला आणि मान हलवली. वास्तविक शॉक जोडीनेच बदलायचे असतात. पण त्याच्याकडच्या तशाच जोडीतला एक वाकला होता, त्यामुळे त्याचे एकावर भागत होते. ऐंशी डॉलरच्या जोडीऐवजी तीस डॉलरला एक गेला. गळका त्याने फुकटही नेला नाही.

रात्री जेवताना सुनेने विचारले, “किती आले?”

“तीस,” मुलगा म्हणाला.

“बरं झालं,” मी म्हणालो. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा आमटी-भात कालवू लागला.